नऊ धप्प

मुलांनो, तुम्ही परवा पाठवलेला व्हिडिओ मी आणि आजोबांनी दोनदा पाहिला. मागे ढोलकी वाजतेय, एक पांढरा प्राणी हात वर करून आडव्या उड्या मारत चाललाय आणि खाली तुम्ही लिहिलंय, ‘आजी, बघ, माकड लावणी करतंय.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. ते माकड नाही. तो लेमूर आहे, मादागास्कर बेटावरचा शिफाक. आणि तो नाचत नाही. त्याचे पाय झाडाच्या खोडाला मिठी मारून बसायला आणि तिथून दुसऱ्या खोडावर झेपावायला घडलेले असतात. जमिनीवर ते एकापुढे एक पडतच नाहीत. म्हणून मधलं मोकळं रान ओलांडायची वेळ आली की तो असा तिरका उडत जातो. आपण त्याला नाच म्हणतो. तो बिचारा रस्ता ओलांडत असतो.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. स्टुटगार्टला आमच्या वर एक मजला सोडून जे गृहस्थ राहायचे, त्यांनी मला ते शिकवलं, तेही स्वतः जिन्यावर करून दाखवून.

इथे बाड हॉम्बुर्गला तुमच्या मामाकडे येण्याआधी आम्ही अकरा वर्षं स्टुटगार्टच्या त्या चढावरच्या घरात होतो. खाली आम्ही दोघं, मधल्या मजल्यावर एक जर्मन आजीबाई आणि सगळ्यात वर हे गृहस्थ. त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. मूळचे चंद्रपूरकडचे. शिकायला म्हणून जर्मनीत आले, शिफाकांवर संशोधन करू लागले आणि पुढची सगळी वर्षं अर्धी इथे आणि अर्धी मादागास्करच्या जंगलात काढली. लग्न राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावरही बाराही महिने अंगात मळकट पांढरा स्वेटर आणि डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी. पुढे मी शिफाकाचा फोटो पाहिला तेव्हा लक्षात आलं की अंग पांढरं आणि टाळू तपकिरी, हा नुसता आळस नव्हता.

‘डॉक्टर’ या शब्दाने दर वर्षी नवा घोळ व्हायचा. मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला पुण्याहून नुकतं आलेलं एखादं सॉफ्टवेअरवालं जोडपं असायचंच. ते ‘डॉक्टर’ ऐकायचे आणि लगेच मोबाइलवर आईच्या गुडघ्यांचे रिपोर्ट उघडायचे. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून ते रिपोर्ट अगदी मन लावून वाचायचे.

“उडी घेताना दुखतात, की उतरल्यावर?”

“आई उडी नाही मारत हो, डॉक्टर.”

“काहून?”

तो मुलगा बायकोकडे बघायचा. डॉक्टर मोबाइल परत करून म्हणायचे, “तिथंच चुकतं मग,” आणि चकल्यांकडे वळायचे.

पण वळायचे म्हणजे नुसते बघायचे. खायचे नाहीत. कारण शिफाकांमध्ये आधी बाई खाते. ती फांदीवर आली की नर उठून दुसरी फांदी बघतो. रेंगाळला तर ती त्याच्या डोक्यात एक चापट देते. बरं, यात भांडण बिलकुल नसतं. हा नियम डॉक्टरांनी स्वतःला लावून घेतला होता, आणि तो मला पहिल्यांदा कळला तो ते आमच्याकडे जेवायला आले त्या रविवारी.

तुम्हाला माझी पद्धत माहीत आहे. पाहुणा आणि आजोबा पानावर बसले की मी तव्यावरून एकेक पोळी वाढणार. त्या दिवशी मी पहिली पोळी डॉक्टरांच्या ताटात टाकली. त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

“वहिनी, तुम्ही?”

“माझं नंतर. तुम्ही सुरू करा, गार होईल.”

“नाही जी. तुम्ही खाल्ल्याशिवाय मला घास घेता येत नाही.”

“अहो, मी जेवायला बसले तर पोळ्या कोण करणार?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही मुख्य आहात.”

दुसरी पोळी आजोबांच्या ताटात पडली होती. ते घास मोडणार, एवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांचा हात वाटीवरच थांबला. “अगं, खा ना एक,” आजोबा म्हणाले. “नाहीतर आम्ही दोघं इथेच वाळून जाऊ.” मी म्हटलं, पाहुण्याआधी खाणं माझ्या हातून होणार नाही. डॉक्टर म्हणाले, बाईआधी खाणं त्यांच्या हातून होणार नाही. दोघंही सुसंस्कृत, त्यामुळे कोणी हटेना. वांग्याच्या भाजीवर तेलाचा थर धरला. शेवटी तिसरी पोळी मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच गुंडाळून खाल्ली. दोघं पुरुष तिकडे मान वळवून बघत होते, मी गिळल्याची खात्री झाल्यावर जेवू लागले.

मुलांनो, मी एकसष्ट वर्षांची होते. तव्यावरून थेट तोंडात गेलेली पोळी कशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी त्यांनी “वहिनी, तुम्ही?” म्हणायच्या आत माझा अर्धा घास झालेला असायचा. डॉक्टर चापटीची गोष्ट पुन्हा रंगवून सांगायचे आणि आजोबांकडे पाहायचे. आजोबा म्हणायचे, “आमच्याकडेही हेच आहे हो. फक्त आम्ही त्यावर प्रबंध लिहिला नाही.”

त्यांच्याबरोबर बाहेर जायचं मी टाळायची. मार्चमध्ये पहिलं ऊन पडलं की ते आमच्या गल्लीच्या दगडी पायऱ्यांवर बसायचे. पाय फाकलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे, पोट उन्हाकडे. शिफाक थंड पहाटेनंतर असेच शेकत बसतात म्हणे. पोस्टाच्या बाईंनी एकदा त्यांना चक्कर आली असं समजून पाणी आणलं. आजोबा येताजाता विचारत, “काय डॉक्टर, सूर्यनमस्कार अर्ध्यातच अडकला का?”

त्याहून वाईट म्हणजे एस-बान, तिकडची लोकल गाडी. शिफाकांना आकाशातून ससाणा आला तर ओरडण्याचा एक आवाज असतो आणि जमिनीवरून कोणी आलं तर दुसरा. या दुसऱ्यावरूनच त्यांचं नाव पडलं. गाडीत तिकीट तपासनीस चढला की डॉक्टर खिडकीबाहेर बघत मोठ्यांदा म्हणायचे, “शि-फाक!” बाकीच्या प्रवाशांना सावध करायचं म्हणून. त्यांच्याकडे स्वतःचा पास असायचा. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. तो शब्द भरगाडीत, जोर देऊन, इंग्रजी कानांना कसा ऐकू येतो हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या आईला विचारा. मी पुढच्या डब्यात जाऊन बसायची.

आता मधल्या मजल्यावरच्या बाई. डॉक्टरांच्या पायाखालचं छत त्यांचं. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, केस पांढरे आणि बरोबर मधोमध भांग. त्या घरात आठवड्याच्या पाळीने जिना झाडायची पद्धत होती. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकायची. त्याला तिकडे ‘केरवोखं’ म्हणतात. वोखं म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे झाडणं. हा ‘केर’ जर्मनांनी आपल्याकडूनच नेला असं आजोबांचं मत आहे. त्यात तथ्य नाही, पण मला आवडतं. माझी पाळी असली की मधल्या बाई कठड्याखालून बोट फिरवून बघायच्या. बोट स्वच्छ निघायचं. अकरा वर्षांत त्यांनी मला केलेली सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे त्या बोटाकडे बघून “हं” एवढंच.

बाईंचं आणि डॉक्टरांचं जमणं शक्यच नव्हतं. कारण डॉक्टर रोज सकाळी सहा चाळीसला उड्या मारायचे. दोन्ही पाय जुळवून, हात डोक्यावर, लाकडी जमिनीवर आडव्या. धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प. बाईंचं झुंबर हलायचं. घराच्या नियमांत सातपर्यंत शांतता लिहिलेली होती.

आजोबांनी सुचवलं, “डॉक्टर, गालिचा टाका की.”

“गालिच्यावर हजेरी लागत नाही.”

“कसली हजेरी?”

“हजेरी म्हणजे हजेरी. वहिनी मास्तरीण होत्या, त्यांना विचारा.”

मला काहीच समजलं नाही. त्यांच्या पुष्कळ बोलण्यांतलंच हे एक, असं मी धरून चालले.

बाईंनी घराचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसकडे तक्रार केली. पहिली लेखी ताकीद आली, मग दुसरी. तिसरी आली तर घर सोडायचं. हा विनोद नव्हता. डॉक्टर सत्तरी ओलांडलेले, पंचवीस वर्षं त्याच घरात, भिंतीभर वह्या आणि मादागास्करची लाकडं. स्टुटगार्टला भाड्याचं घर बघायला गेलं की दारात चाळीस तरुण इंजिनिअर फाइली घेऊन उभे असतात. त्या रांगेत मळका स्वेटर घातलेल्या एकट्या म्हाताऱ्याला कोण घर देणार? आजोबा रात्री जेवताना म्हणाले, “हा माणूस गेला तर परत उभा राहणार नाही.” मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या ताकिदीसोबत बाईंनी ठेवलेल्या आवाजाच्या नोंदींची प्रत जोडलेली होती. तिकडे अशी नोंद ठेवणं रीतसर असतं. ती घेऊन डॉक्टर आमच्या स्वयंपाकघरात आले. मला वाटलं, खचले असतील. त्यांचा चेहरा सणासारखा झाला होता.

“वहिनी, बघा हे! तारीख, वेळ, धप्प किती, दोन धप्पांमध्ये सेकंद किती. सेकंद! माझ्या विद्यार्थ्यांना वीस वर्षं सांगून हे जमलं नाही. काय बाई आहे!”

“अहो, ही तुम्हाला घराबाहेर काढायची तयारी आहे.”

“ती वेगळी गोष्ट. निरीक्षण बघा ना.”

एका ठिकाणी बाईंनी रागाने लिहिलं होतं, ‘वरचा हाल्बआफं पुन्हा सुरू.’ हाल्बआफं म्हणजे अर्धमाकड. जर्मनमध्ये ही बऱ्यापैकी सणसणीत शिवी आहे. मी तेवढं बोटाने झाकायला गेले. डॉक्टरांनी माझं बोट बाजूला केलं. “गेनाऊ! अगदी बरोबर! लेमूरांचं जुनं जर्मन नावच आहे ते. हाल्बआफं! आता कोणी वापरत नाही, पण बाईंचं वर्गीकरण पक्कं आहे.”

त्यांनी लाल पेनने एक चूक दुरुस्त केली. गेल्या मंगळवारी आठ लिहिले होते, ते नऊ केले. खाली लिहिलं, ‘अतिशय उत्तम. फक्त उडीची दिशा, डावी की उजवी, यासाठी एक रकाना वाढवावा.’ आणि तो कागद बाईंच्या दाराखालून आत सरकवला. दुपारी बाई माझ्याकडे आल्या. ओठ पांढरे पडले होते. “तुमचा मित्र माझी थट्टा करतो?” मी म्हटलं, नाही, त्याला खरंच आवडलंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही थोडी उडी मारत असेन.

पण मुलांनो, पुढच्या महिन्याच्या नोंदीत दिशेचा रकाना होता. आवाज खिडकीकडे सरकला की दाराकडे, सगळं व्यवस्थित. त्यांनी तो डॉक्टरांसाठी आखला नव्हता. रकाना योग्य होता, म्हणून आखला. मी त्यांच्या जागी असते तर मीही आखला असता.

मे महिन्यात ऑफिसचा माणूस आला. बसायचं ठरलं मधल्या बाईंकडे. खालच्या भाडेकरू म्हणून मला साक्षीला बोलावलं होतं. आजोबा नुसतेच आले. टेबलावर वेणीसारखा विणलेला गोड पाव कापून ठेवलेला. ऑफिसच्या तरुण माणसाने बसल्या बसल्या एक तुकडा उचलला. डॉक्टरांनी दचकून बाईंकडे पाहिलं, आता चापट बसणार अशा बेताने. बाईंनी नुसतं कपाळाला आठी घातली.

माणसाने फाइल उघडली. (‘हेर’ म्हणजे तिकडे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे.) “तर, हेर डॉक्टर, सकाळी सहा चाळीसला नऊ धपके. मान्य?”

“मान्य. नोंद अगदी बरोबर आहे.”

आजोबांनी टेबलाखालून त्यांना पाय मारला. डॉक्टर म्हणाले, “मारू नका हो, बरोबर आहे म्हणून सांगतोय.”

“रोज?”

“रोज.”

“म्हणजे नियमभंग मान्य.” माणसाने पेनचं टोपण काढलं. मला वाटलं, झालं, संपलं.

“थांबा,” मधल्या बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा फोल्डर उघडला आणि चष्मा लावला. “रोज नऊ नाहीत. एप्रिलच्या मध्यापर्यंत नऊ. त्यानंतर आठ. आधीच्या मंगळवारी मी आठ लिहिले होते, ती माझी चूक होती. यांनी दुरुस्त केली. पण हे आठ माझी चूक नाही. सव्वीस दिवस आठ.” त्यांनी डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. “पहिला नाही. पहिला नेहमी सगळ्यात मोठा असायचा, खिडकीकडे. तो कुठे गेला?”

डॉक्टरांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. मादागास्करला ज्या कळपावर त्यांनी आयुष्य घालवलं, तो नऊ जणांचा. जंगलाकडेच्या गावातली एक बाई, त्यांची जुनी सहकारी, अजूनही रोज सकाळी तो कळप मोजते. त्याच वेळेला डॉक्टर इथे प्रत्येकाच्या नावाची एक उडी मारतात. आत्याबाई, कारभारी, शेंडे मास्तर, बगळ्या, ठमी आणि असेच आणखी चार. आत्याबाई म्हणजे मुख्य मादी. सगळ्यांच्या आधी खाणारी, उन्हाची फांदी घेणारी. एप्रिलमध्ये निरोप आला. म्हातारी झाली होती, झाडाखाली सापडली.

“मी कोणाला बोललो नाही,” डॉक्टर म्हणाले. “कोणाला सांगणार? लोक म्हणतील, माकड मेलं.”

“माकड नाही,” मधल्या बाई म्हणाल्या. “हाल्बआफं.”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “गेनाऊ.”

ऑफिसचा माणूस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. “म्हणजे तक्रार...?”

बाईंनी फोल्डर मिटला. “सात वाजता,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “एक मिनिटही आधी नाही.”

“तिकडची मोजणी इथल्या सहा चाळीसला होते.”

“सात.”

डॉक्टरांनी मग मान खाली घातली, हात छातीशी घेतले आणि घशातून एक बारीक चिवचिव काढली. मादी फांदीवर आली की नर असंच करून बाजूला होतो, हे फक्त मला आणि आजोबांना माहीत होतं. बाईंना वाटलं, खोकला आला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. ऑफिसच्या माणसाला त्यांनी तक्रार मागे घेतल्याचं लिहायला लावलं, तेही शुद्धलेखन तपासून.

मग मोठं प्रेम जुळलं वगैरे काही नाही. कठड्याखालून बोट फिरत राहिलं आणि डॉक्टरांच्या पाळीला ते काळं निघत राहिलं. “तुम्ही आडवे झाडता,” बाई म्हणायच्या, “कोपरे राहतात.” फक्त सात वाजता त्यांच्या घरातला रेडिओ बंद व्हायचा.

जुलैत डॉक्टर सकाळीच आमच्या दारात उभे. हातात दोन डबे. एकात पेढे, दुसऱ्यात बर्फी. “ठमीला मूल झालं! मुलगा की मुलगी कळलं नाही, म्हणून दोन्ही.” आम्ही तोंड गोड केलं आणि त्यांच्यामागून मधल्या मजल्यावर गेलो. बाईंनी पेढा घेतला, वास घेतला, कारण विचारलं. कारण ऐकल्यावर त्या आत गेल्या आणि फोल्डर घेऊन आल्या.

“आज सकाळी आठच होते.”

“हो. ते लेकरू अजून उडत नाही. आईच्या पोटाला चिकटून असतं. आईची उडी ती त्याची उडी. वेगळी मोजायची नाही.”

“वजन किती?”

“जेमतेम या पेढ्याएवढं.”

बाईंनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, दाराजवळच्या टेबलावर ठेवला, त्यावर पेढा ठेवला. काटा हलला. “वजन आहे,” त्या म्हणाल्या. “वजन आहे, म्हणजे आवाजात फरक हवा.”

“बाप्पा! एवढ्याशा वजनाने काय फरक पडणार?”

“हेर डॉक्टर, मूल जन्माला आलं आणि नोंद नाही, असं या घरात चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही तिघं जिन्यात उभे होतो. आजोबा लुंगीवर स्वेटर घालून, मी गाऊनवर शाल घेऊन, मधल्या बाई इस्त्रीच्या एप्रनमध्ये, हातात पेन्सिल. वर खाकरल्याचा आवाज झाला. सात वाजले. धप्प, कारभारी. धप्प, शेंडे मास्तर. धप्प, बगळ्या. मग चौथी, लेकुरवाळ्या ठमीची, आणि असा दणका, की बाईंच्या घरातलं झुंबर किणकिणलं आणि आजोबांनी कठडा धरला.

मधल्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि जिन्याच्या पोकळीत तोंड वर करून ओरडल्या,

“पेढ्यापेक्षा जास्त झालं! चौथी परत!”